ब्रायोनीच्या नावाने एक हरकत

अपर विल्कम
३ मार्च २०२४

प्रिय ब्रायोनी,

अगं, आधी बातमी ऐक, खुशाली मागाहून. पोस्टाच्या पेटीजवळच्या खांबाला गेल्या आठवड्यात कौन्सिलचा पिवळा कागद बांधलाय. तबेल्यामागच्या कुरणात घरं बांधणार म्हणे. किती? बावीस! माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं तेच कुरण. तू दहा वर्षांची असताना त्या खवट तट्टाला गाजरं चारायला जायचीस आणि बोट चावून घेऊन रडत यायचीस, तेच.

हरकती पाठवायला एकवीस दिवस दिलेत. कागद वाचून माझा चहा निवायच्या आत शेजारचा ह्युबर्ट ऑटरिज दारात हजर. त्याच्या बागेची भिंत कुरणाला लागूनच आहे ना, त्याचा तर रक्तदाब वाढला. म्हणाला, "थेल्मा, आता गावाची भिस्त तुझ्यावर." मी म्हटलं, "आधी बूट पूस, मग भिस्त ठेव."

पण खरं सांगू? मनातून बरं वाटलं. बत्तीस वर्षं वकिलाच्या ऑफिसात टायपिंग केलं, ते काय वाया जायचंय? या हरकतींचं एक तंत्र असतं बघ. "आमची खिडकीतली शोभा जाईल" असं लिहिलंस की गेलं ते पत्र टोपलीत. रस्ता, सांडपाणी, उजेड, गावाचं रूप, तळ्यातले प्राणी, यावरच बोलायचं. आणि एकाच मजकुराची शंभर पत्रं गेली तरी ती एकच धरतात म्हणे. म्हणून प्रत्येकाचं वेगळं हवं, त्याच्या त्याच्या भाषेत. आता इथे कुणाला दोन ओळी धड लिहिता येतात? शेवटी मीच बसले. सगळे येतात, माझ्या टेबलापाशी चहा पितात, मी लिहून देते, ते सही करतात. पबवाल्याच्या नावाने वळणावरचे अपघात, मिसेस पीकच्या नावाने गटार, आणि गंमत म्हणजे बहिऱ्या मिस्टर लोडरच्या नावाने बांधकामाचा आवाज! तो स्वतःच इतका हसला की त्याची कवळी निसटली.

आजवर एकतीस झाली. तुझा रॉलीकाका असता तर म्हणाला असता, "थेल्मा, तू निवडणूक लढव."

तुझ्या नेलचा खोकला कसा आहे? मार्मालेडच्या दोन बाटल्या पाठवतेय, एक तिची. एखाद्या रविवारी जेवायला या दोघी. राहायचं म्हणशील तर वरच्या दोन्ही खोल्यांत रॉलीची ती खेळण्यातली रेल्वे मांडलेली आहे, तुला ठाऊकच आहे. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, पण हलवायला हात धजत नाही.

तुझी,
थेल्मा मावशी

*

मार्शफर्ड
१९ मार्च २०२४

प्रिय मावशी,

मार्मालेड मिळालं. नेल चमच्याने नुसतंच खाते, पावाची अडचण नको म्हणते.

बहिऱ्या लोडरचं वाचून मीही हसले. कागदाच्या मागे माझ्या ड्युटीचा तक्ता आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस. घरात कोरा कागद नव्हता. हा आठवडाभर मी तुमच्याच बाजूच्या तीन म्हाताऱ्यांकडे जातेय, अंघोळ-औषधं-नाश्ता. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. तुझ्या दारावरून दोनदा गेले. थांबले नाही, पुढची म्हातारी खोळंबली होती.

तू कधी आमच्या घरी आली नाहीस म्हणून सांगते. ही इमारत आधी विमा कंपनीचं ऑफिस होती. सरकारने मध्यंतरी नियम सैल केला, ऑफिसांची घरं करायला परवानगीची भानगड नको, घरं लवकर मिळतील. मिळाली खरी लवकर. एका मजल्याचे चौदा तुकडे केले. आमच्या तुकड्याला दोन खिडक्या, एकही उघडत नाही. एक पार्किंगवर, दुसरी जिन्यावर. नेल झोपते तिथे कपाटं होती. गालिच्यावर त्यांच्या पायांचे खड्डे अजून आहेत, त्यांत ती गोट्या ठेवते. लिफ्टमधली बाई अजून बोलते, "दुसरा मजला, वसुली विभाग." नेलला वाटतं आपल्या घराचं नावच वसुली विभाग. शाळेत तिने पत्ता तसाच लिहिला.

भिंतीला काळे डाग येतात, मी पुसते, पुन्हा येतात. खोकल्याचं म्हणशील तर आता श्वासाचे पंप दिलेत, निळा धाप लागली की, तपकिरी रोज दोनदा.

इथे कुणी हरकत घेतली नव्हती, मावशी. घ्यायची सोयच नव्हती.

एक विचारू? त्या बावीस घरांचा अर्ज तू पुरता वाचलास का? त्यात आठ घरं कमी भाड्याची आहेत, आणि ती बाहेरच्यांना नाहीत. गावात वाढलेल्यांना, नाहीतर ज्यांचं माणूस गावात आहे किंवा काम गावात आहे अशांना. मी सहज म्हणून कौन्सिलच्या साइटवर पाहिलं. एकेका घराला पाठीमागे छोटीशी बाग दाखवलीय. खिडक्या उघडणाऱ्या आहेत.

ज्यांना मिळतील त्यांचं बरं होईल, एवढंच.

तुझी,
ब्रायोनी

*

अपर विल्कम
२ एप्रिल २०२४

प्रिय ब्रायोनी,

वसुली विभाग! मी ह्युबर्टला वाचून दाखवलं, तो हसून हसून बेजार झाला. पोरगी तल्लख आहे, आईवर गेलीय. डाग पुसताना व्हिनेगर वापर, साबणाने काही होत नाही.

अर्ज वाचलास म्हणतेस, बरं केलंस, पण तू भोळी आहेस गं. "गावातल्यांसाठी" असं लिहायचं असतं, परवानगी मिळेपर्यंत. मग कुणीही येतं. आणि गावात कोण उरलंय तरुण, ज्याला घर हवंय? मी तर कुणाला ओळखत नाही.

आता तुला एक गोड बातमी देते. ह्युबर्ट म्हणाला, "सगळी पत्रं म्हाताऱ्यांची झाली. कमिटी म्हणेल, यांना काय, यांची घरं झालीत. एखादं तरुण माणसाचं पाहिजे." तरुण आणायचं कुठून? मग मला तू आठवलीस. तू याच घरची ना? नऊ वर्षांची आलीस ती अठराव्या वर्षी गेलीस. म्हणून तुझ्या नावाने एक लिहून टाकलं. पत्ता इथलाच दिला. रागावू नकोस हं, इतकं सुंदर उतरलंय! ते तट्टू, ती गाजरं, आई गेल्यावर तू त्या कुरणाच्या कुंपणाला टेकून उभी राहायचीस ते. "माझ्या मुलीलाही हे कुरण असंच दिसावं" हा शेवट. लिहिताना माझेच डोळे भरून आले. सही पण मीच केली, तुझी सही मला येते, शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर करायची ना मी.

चोवीस एप्रिलला कमिटीची बैठक आहे. ह्युबर्टला बोलायला तीन मिनिटं मिळाली आहेत, घड्याळ लावून तालीम चाललीय माझ्या स्वयंपाकघरात.

नेलसाठी स्वेटर विणायला घेतलंय. पिवळं, त्या कागदासारखं!

तुझी,
थेल्मा मावशी

*

मार्शफर्ड
७ एप्रिल २०२४

मावशी,

तुझं पत्र वाचलं. मग साइटवर जाऊन दुसरं वाचलं, माझं म्हणून लिहिलेलं. तुला माहीत नसेल, तुमची पत्रं फायलीत नाही जात. सगळी नावपत्त्यांसकट साइटवर लागतात, कुणीही वाचू शकतं. तुझी एकतीसच्या एकतीस मी बसमध्ये वाचली आहेत. मी काहीच म्हटलं नव्हतं, कारण तू खूश होतीस.

आता म्हणते. त्या आठ घरांतल्या पाच नंबरच्या घरासाठी माझा अर्ज आहे. दोन वर्षं कौन्सिलच्या घरांच्या यादीत आहे, आणि या गावासाठी यादीत पहिलं नाव माझं आहे. तू विचारलंस ना, गावात कुणाला घर हवंय? मला हवंय. नेलला हवंय. डॉक्टरांनी पत्र दिलंय की त्या भिंतींत तिला ठेवू नका.

तुला आधी का सांगितलं नाही? चार वर्षांपूर्वी नेलचा बाप निघून गेला तेव्हा मी तुझ्या दारात उभी होते, तिला कडेवर घेऊन. म्हटलं होतं, वरची एक खोली दे, सहा महिने. तू चहा दिलास, केक दिलास, आणि म्हणालीस की जिना लहान मुलाला धोक्याचा आहे आणि रॉलीकाकांची रेल्वे हलवता येत नाही. त्या दिवसापासून तुझ्याकडे काही मागायचं नाही असं ठरवलं होतं. आज मागतेय, नाइलाज आहे.

मी कौन्सिलला फोन केला. बाई म्हणाली, घर मागणारी ब्रायोनी आणि घराला हरकत घेणारी ब्रायोनी एकच का? मी म्हटलं, ते पत्र माझं नाही. ती म्हणाली, तसं लेखी द्या, पण मग ते कुणी लिहिलं याची चौकशी होणार, दुसऱ्याच्या नावाने सही करणं गुन्हा आहे. मी फोन ठेवला. सत्त्याहत्तराव्या वर्षी तुला कुणी ठाण्यात बोलावलेलं मला बघवणार नाही.

म्हणून तूच ते मागे घे. काही कारण द्यायला नको. "माझ्या पत्त्यावरून आलेलं ब्रायोनी हॅलमचं पत्र रद्द समजावं," एवढी एक ओळ. बाकीची एकतीस राहू देत, मी काही म्हणणार नाही.

हे पत्र पोचल्याची सही घेऊन द्यायला सांगितलंय, मध्येच कुठे हरवायला नको म्हणून.

ब्रायोनी

*

अपर विल्कम
२६ एप्रिल २०२४

माझ्या लाडक्या ब्रायोनी,

काय लिहू, कळत नाही. तुझं पत्र मला काल मिळालं. बैठक परवा होऊन गेली. पोस्टाचा काय गोंधळ चालतो हल्ली, तुला माहीतच आहे, आणि त्यात माझ्याकडे कागदांचा इतका पसारा! बिलांच्या गठ्ठ्यात गेलं होतं बहुतेक. अगं, आधी सांगायचंस! एक शब्द बोलली असतीस तर!

निकाल तुला कळला असेल. सहा विरुद्ध पाच, अर्ज नामंजूर. ह्युबर्टची तीन मिनिटं फुकट गेली, तो मध्येच भाषण विसरला. पण एका सभासदबाईंनी पत्र वाचून दाखवलं. तुझं. म्हणजे ते. नंतर टाळ्या पडल्या. मला अभिमान वाटावा की रडावं, कळेना. म्हणजे आज कळेना. तेव्हा मला ठाऊक नव्हतं ना.

तू धीर सोडू नकोस. चांगल्या माणसांचं चांगलंच होतं. दुसरीकडे कुठेतरी याहून चांगलं घर निघेल. मी ह्युबर्टला सांगून ठेवते, त्याच्या ओळखी आहेत.

स्वेटरच्या बाह्या राहिल्यात. नेलच्या हाताचं माप कळव.

तुझीच,
थेल्मा मावशी

*

मार्शफर्ड
३ मे २०२४

मावशी,

पोस्टाने पावती दिलीय. ९ एप्रिल, सकाळी दहा चाळीस. त्यावर तुझी सही आहे. पहिल्या अक्षराची आडवी रेघ सगळ्या नावावर छपरासारखी ओढलेली. माझ्या प्रगतिपुस्तकावर नऊ वर्षं मी तीच सही बघत आले, तिची नक्कल मला नाही करता येणार.

पंधरा दिवस होते तुझ्याकडे. एक ओळ लिहायची होती.

चोवीस तारखेला मी त्या सभागृहात होते. मागच्या रांगेत, कामाच्या निळ्या कपड्यांतच. तू पुढे ह्युबर्टशेजारी बसली होतीस, चांगला कोट घालून. त्या बाई वाचत होत्या आणि मी ऐकत होते, आई गेल्यावर मी कुंपणाला टेकून उभी राहायचे ते. ते मी फक्त तुला सांगितलं होतं गं, कुणालाच नाही. माझ्या शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "बघा, तरुण लोकांनाही नकोय." उठून हात वर करून ओरडले असते तर तू पकडली गेली असतीस. मूर्खासारखी शेवटपर्यंत तुझ्या पाठीकडे बघत राहिले, वाटलं, आता उठेल, आता सांगेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तूही वाजवल्यास.

स्वेटर राहू दे. माप देणार नाही. पत्र लिहू नकोस.

ब्रायोनी

*

अपर विल्कम
१२ डिसेंबर २०२४

प्रिय ब्रायोनी,

स्वेटर अंदाजाने पुरं केलं आणि पाठवलं होतं, ते परत आलं. पाकिटावर "इथे राहत नाहीत" असा शिक्का आहे. हे तुझ्या कामाच्या संस्थेकडे पाठवतेय, ते पुढे धाडतील अशी आशा.

कुठे आहात दोघी? नेल बरी आहे ना? एवढंच कळव.

थेल्मा मावशी

*

अपर विल्कम
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय ब्रायोनी,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितेय. अक्षर वाकडं आहे, पाठीला तीन उशा लावून लिहितेय.

कुरणाचं आधी सांगते. बिल्डर पुन्हा आला. मधल्या काळात सरकार बदललं, नियम बदलले, कौन्सिलला घरांचा मोठा आकडा बांधून दिला आणि नाही म्हणायची कुणाची छाती राहिली नाही. या वेळी बावीस नाहीत, सेहेचाळीस. चार-चार खोल्यांची, दोन-दोन गाड्यांची. ती आठ कुठे गेली म्हणशील तर बिल्डरने जाडजूड हिशेब दाखवला की ती परवडत नाहीत, आणि कौन्सिलने मान डोलावली. मी पत्र लिहिलं, ब्रायोनी. जन्मात पहिल्यांदा बाजूने लिहिलं, घरं बांधा म्हणून, पण ती आठ परत घाला म्हणून. "आपले मत नोंदले आहे" असं छापील उत्तर आलं. आता गावाला कुणी विचारत नाही. पूर्वी विचारायचे तेव्हा आम्ही काय सांगितलं ते तू ऐकलंच आहेस.

आणि ह्युबर्ट! त्याच्या बागेतूनच नव्या घरांचा रस्ता निघालाय. पट्टा विकला त्याने बिल्डरला, घर पण विकलं, समुद्रावर राहायला गेला. जाताना मला कुंडी देऊन गेला. माझ्या खिडकीतून आता क्रेन दिसते.

सप्टेंबरात मी जिन्यावरून पडले. खुबा मोडला. लहान मुलाला धोक्याचा म्हणून तुला सांगितलं होतं, त्याच जिन्यावरून. हॉस्पिटलातून घरी सोडलं, सकाळ-संध्याकाळ बाई येईल म्हणाले. तीन आठवडे आली. मग संस्थेचा फोन आला, तुमच्या बाजूला जायला माणूस नाही, वीस मैलांत आमची एकही बाई राहत नाही, भाडी परवडत नाहीत त्यांना. मी फोन हातात धरून बसले होते. पलीकडची मुलगी विचारत होती, "आजी, ऐकताय ना?"

आता सोशल वर्करबाई म्हणते, जानेवारीअखेर वृद्धाश्रमात जागा घ्या, घर सोडा.

खरं सांगायचं राहिलंय. ९ एप्रिलला तुझं पत्र आलं तेव्हा मी दारातच फोडून वाचलं. आत टेबलाभोवती सात जण बसले होते, मीच केलेला केक खात. तुला ठाऊक नाही, रॉली गेल्यावर या घरात कुणी येत नव्हतं. कुणी म्हणजे कुणी नाही. तो पिवळा कागद लागला आणि घर भरलं. "थेल्माला विचारा", "थेल्मा सांगेल." मी तुझं पत्र एप्रनच्या खिशात घातलं आणि आत जाऊन विचारलं, आणखी चहा कुणाला? रोज ठरवायचे, उद्या ती एक ओळ लिहीन. उद्या उद्या करता चोवीस तारीख आली. टाळ्या वाजवताना कोटाच्या खिशात तुझं पत्र होतं. मी वाईट बाई आहे असं नाही गं, पण त्या दिवशी होते.

तू ये. नेलला घेऊन ये. वरच्या दोन्ही खोल्या तुमच्या. रॉलीची रेल्वे मी काढून टाकते, माणूस बोलावलाय. त्याने बघितली आणि म्हणाला, "बाई, हे तर तुमचंच गाव!" खरंच आहे. चर्च, पब, तबेला, सगळं केलंय रॉलीने, चौसष्ट घरं आहेत. दिवे लागतात त्यांत. दोन खोल्या चौसष्ट रिकाम्या घरांना दिल्या होत्या मी.

घर तुझ्या नावाने करते. वकिलाला बोलावते. फक्त ये.

थेल्मा मावशी

*

हार्टलबी
११ जानेवारी २०२६

मावशी,

संस्थेने तुझी दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालून पाठवली.

नेल बरी आहे. तू विचारलं होतंस म्हणून सांगते. त्या साली ऑगस्टमध्ये तिला चार दिवस ऑक्सिजनवर ठेवलं होतं. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिला घरी सोडते, पण घर तेच का? मी म्हटलं, नाही. खोटं बोलले. मग ते खरं करायला जिथे परवडेल तिथे निघून आले, अडीचशे मैल वर. दोन खोल्या आहेत, खिडक्या उघडतात, समोर बंद पडलेला कारखाना दिसतो. इथली बोली नेलला अजून नीट कळत नाही, पोरं तिला चिडवतात. तिची मैत्रीण राहिली मार्शफर्डला. तपकिरी पंप बंद झालाय. बाकी काम तेच, अंघोळ-औषधं-नाश्ता. इथल्या म्हाताऱ्या तुझ्यासारख्याच आहेत, बोलक्या. त्यांच्या पाठी चोळताना मी तुझा विचार करत नाही, असं लिहायचं होतं. ते खोटं होईल.

परवा तुझं पत्र हातात घेऊन बसले होते. नेल म्हणाली, "मावशीआजीकडे बाग आहे ना?" मी म्हटलं, आहे. "आणि आपण का नाही जात?" तिला उत्तर दिलं नाही, तुला देते. तूच शिकवलंस हरकत कशी घ्यायची, रागालोभाचं लिहायचं नाही, मुद्द्यावर बोलायचं. तर मुद्दे असे.

रस्ता. चार वर्षं मी तुझ्या दारावरून जात होते. रस्ता होता.

उजेड. वरच्या खोल्यांना पूर्वेची खिडकी आहे. मी त्यात नऊ वर्षं झोपले, मला माहीत आहे सकाळी ऊन कुठवर येतं. माझी पोर खोकत होती तेव्हा ते ऊन प्लॅस्टिकच्या चर्चवर पडत होतं.

गावाचं रूप. ते तुम्हाला जसं हवं होतं तसं राहिलं, म्हातारं आणि शांत. आता तुम्हाला उचलून बसवायला तिथे कुणी नाही म्हणून मला बोलावतेस, पण त्या रूपात मी बसत नाही. तेव्हाही बसत नव्हते.

घर माझ्या नावाने करू नकोस. माझ्या नावाने तू एकदा केलंस तेवढं पुष्कळ झालं.

कबूल केलंस, ते वाचलं. दोनदा वाचलं. सात जण केक खात होते आणि तुला सोबत हवी होती, हेही समजलं. मी आले असते तर तुला रोजच सोबत झाली असती गं. नेल तुझ्या त्या टेबलाखाली खेळली असती. ही गोष्ट तुला सुचली कशी नाही, हेच मला राहून राहून कळत नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

मार्शफर्डला माझ्याबरोबर डिलिस नावाची बाई होती, तिला फोन केलाय. मंगळवार आणि शुक्रवार ती तुझ्याकडे येईल, ताठ आहे पण हात हलका आहे. वृद्धाश्रमाची जागा मिळेपर्यंत तेवढं होईल. तिच्याशी नीट वाग, तिलाही पन्नास मिनिटं लागतात यायला.

तुझ्या प्रस्तावाला माझी हरकत आहे. ती नोंदवून घे. हे पत्र मी स्वतः लिहिलंय, माझ्या शब्दांत, आणि खाली केलेली सही माझी आहे.

ब्रायोनी हॅलम